पडकं बघायची सहल

आमच्या घरात एक पाहुणा येऊन राहिला होता आणि तो जायचं नाव घेत नव्हता. हा पाहुणा म्हणजे माझा नवरा.

हे फौजेत होते. लग्न झालं तेव्हाच भरती झालेले होते आणि पुढं वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर यायचे. त्या सुट्ट्यांमध्येच आमचा संसार झाला. दोन सुट्ट्यांची दोन पोरं झाली, ती मोठी झाली, लेक सासरी गेली, मुलगा सांगलीला हायस्कुलात शिकायला राहिला. मग एकाहत्तरची लढाई झाली, तिच्यामागून दुष्काळ आला, तो सरला, आणि हवालदारकीची पेन्शन घेऊन हे कायमचे घरी आले. गावानं तासगावच्या स्टँडवरून हलगी लावून आणलं. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आता कुठं माझा संसार सुरू झाला, असं मला त्या दिवशी खरोखरच वाटलं होतं.

पण माणूस घरी आला तरी सुट्टी काही संपेना. हे पहाटे उठायचे, दाढी करायचे, अंथरुणाची चौकोनी घडी घालून कॉटच्या उशाला ठेवायचे. काळी पत्र्याची ट्रंक कॉटखाली होती. कपडे तिच्यातूनच काढायचे आणि धुऊन वाळले की तिच्यातच ठेवायचे. मी भिंतीवरच्या चार खुंट्या मोकळ्या करून दिल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून मोरीत नेऊन घासायचे. माझ्या थोरल्या जावेचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. तिनं ते एकदा बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की हवालदार भांडी घासतात. त्याचंही मला काही वाटलं नाही. बाई माणसाला त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? पण तहान लागली की हे विचारायचे, "पानी घेऊ का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातलं पाणी!

मी म्हणायची, "आवं, माठ तुमचाच हाय. घ्या की."

"बरं," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

बोलणं म्हणाल तर ऊस बरा हाय, आज वारं हाय, एवढंच. एवढी वर्षं सरहद्दीवर काढली, तिथलं काही सांगा म्हटलं तर म्हणायचे, "तितं थंडी असती." झालं सांगून. मी तोंडाळ आहे, आमच्या गावात कुणालाही विचारा. मला भांडणारा नवरा चालला असता, चार लोकांत वरडणारा चालला असता. पण टाळी एका हाताने वाजत नाही आणि भांडण तर नाहीच नाही. पुढचं सगळं आयुष्य पाहुण्याबरोबर काढायचं की नवऱ्याबरोबर, ह्या एकाच विचारानं मला त्या दिवसांत घेरलं होतं. भाकरी थापताना तोच विचार, शेणी लावताना तोच.

त्या दिवाळीला मुलगा घरी येताना सांगलीहून दोन छापील जाहिराती घेऊन आला. त्याची आपली समजूत अशी की आईनं आयुष्यात काही बघितलं नाही आणि आबांना आता वेळच वेळ आहे, तर दोघांनी कुठंतरी जाऊन यावं. एक जाहिरात काशी-प्रयाग-गयेची होती. तीन आठवडे, रेल्वेनं, बरोबर आचारी. दुसरी सांगलीतल्या एका निवृत्त मास्तरांची. हे मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे आणि आता हौसेनं सहली काढायचे. एस.टी. ठरवून तीन दिवस, आपल्याच दोन जिल्ह्यांतली जुनी देवळं, लेणी, विहिरी आणि नद्यांचे संगम. सोबत माहिती सांगायला स्वतः मास्तर.

मी दोन्ही कागद ह्यांच्यापुढं ठेवले. "कुटं जायचं, सांगा."

ह्यांनी दोन्ही वाचले, नीट घडी घालून परत दिले. "मला कुटं जायाचं त्ये आजपातूर दुसऱ्यानंच ठरीवलंया. ह्ये बी तूच ठरीव."

राग आला मला. पण रात्रभर विचार केल्यावर वाटलं, बरंच झालं. ठरवायचं माझ्या हातात आलं म्हणजे चुकलं तर चूकही माझी, पण साधलं तर तेही माझंच.

जावेला कळायला वेळ लागला नाही. भिंतीच्या पलीकडून म्हणाली, "काशीला जा की गं, पुन्य तरी लागंल. पडकी देवळं काय बघाय जातीस? आमची मागली पडवी पडलीया, ती बघाय ये. च्या बी दीन."

सगळ्यांचं मत तसंच होतं. माझं मात्र उलटं झालं. एक तर ऊस. कारखान्याची तोडणीची टोळी एकदा आली की घरचं माणूस बांधावर लागतं, आणि ती कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. पण खरं कारण वेगळंच होतं. तीन आठवडे ह्यांच्या शेजारी बसायचं आणि तिथंही "पानी घेऊ का" ऐकायचं म्हणजे मी गंगेत उडीच घेतली असती. तीन दिवसांत माणूस समजलं नाही तरी निदान विटत तरी नाही.

आणि दुसरं म्हणजे देव. माझं माहेर औंधच्या बाजूचं. ह्यांच्या सुट्टीत आम्ही जोडीनं यमाईच्या डोंगरावर जायचो. उपरण्याला शालूची गाठ मारून पायऱ्या चढायच्या, ओटी भरायची, नारळ फोडायचा, गुरवाला दक्षिणा, मागच्यांची ढकलाढकली, की खाली. गाठ मारलेली असायची, पण वर जाऊन खाली येईपर्यंत दोघांत एक शब्द व्हायचा नाही. देवाच्या दारात सगळे देवाकडं बघतात, ते बरोबरच आहे. मला आता अशी जागा पाहिजे होती की जिथं रांग नाही, नैवेद्य नाही, गाभारा रिकामा आहे, आणि माणसाला दुसऱ्या माणसाकडं बघण्यावाचून काम नाही.

म्हणून मी मुलाला घेऊन सांगलीला मास्तरांच्या घरी गेले. मास्तर बारकेसे, चष्मा कपाळावर चढवलेला. मी पहिलाच प्रश्न विचारला, "तितं पूजा, अभिषेक असलं काय न्हाई न्हवं?"

मास्तर बिचारे ओशाळले. "नाही म्हणजे, पडझड झालेली ठिकाणं आहेत ती. पण तुमची इच्छा असेल तर सागरेश्वराला पुजारी आहेत, अभिषेकाची सोय करू आपण. पहिल्याच दिवशी."

"नगं, नगं! न्हाई त्येच बरं."

मास्तरांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडं नीट बघितलं. सहलीला देव नको म्हणणारी कपाळभर कुंकवाची बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी. तिथं बसूनच मी आमच्या दोन जागा नक्की केल्या.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी तासगावच्या स्टँडवर आम्ही गाडीत चढलो. सांगलीहून माधवनगरमार्गे येताना ती निम्मी भरली होती. चढले आणि बघते तर काय! पुढं सगळ्या बायका, मागं सगळे पुरुष. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. आपोआपच लोक तसे बसले होते, लग्नाच्या वऱ्हाडात बसतात तसे. मी दोघांची म्हणून एक सीट धरायला गेले तर हे माझ्या अंगावरून सरळ मागं निघून गेले आणि शेवटच्या बाकावर ताठ बसले. माझ्या शेजारी सांगलीच्या एक जैन बाई येऊन बसल्या. त्यांच्या मालकांची हळदीची अडत होती. मी मनातल्या मनात त्यांना हळदीवाल्या वहिनी म्हणायला लागले ती आजवर. बोलायला मोकळ्या. दोघंही नेमाचे पक्के, दिवस मावळला की पाण्यावाचून तोंडात काही घालायचे नाहीत. त्यामुळं आचाऱ्यानं रोज उजेडातच पंगत उठवायची असं मास्तरांनी आधीच ठरवून टाकलं होतं आणि आम्हा सगळ्यांनाच तो नेम लागू झाला.

पहिल्या दिवशी सागरेश्वर. डोंगराच्या कुशीत लहान लहान दगडी देवळं, एकाला लागून एक, कुठं कळस आहे, कुठं नाही. एका देवळात पिंपळाची मुळी भिंत फोडून आत आलेली. एक नंदी होता, त्याच्यापुढचं देऊळच पडून गेलेलं, तरी हा आपला मान वर करून बसलेला. मास्तर छान सांगायचे. दगड चुन्याशिवाय एकात एक कसे बसवले, पाणी कुठून यायचं, कुठं जायचं. एका खांबावर कमरेवर हात ठेवलेली एक बाई कोरलेली होती. मास्तर म्हणाले, ही नृत्याची मुद्रा आहे. मला तर वाटलं, हिची कंबर दुखत असणार. मी ते वहिनींना सांगितलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मास्तरांनी शिट्टी वाजवून आम्हाला गप्प केलं.

हो, मास्तरांकडं शिट्टी होती. पण पहिल्याच मुक्कामापासून ती नावालाच उरली, कारण ह्यांनी सगळी सहल ताब्यात घेतली. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. गाडी थांबली की हे आधी उतरून दाराशी उभे. म्हाताऱ्या माणसाला हात देतील, आचाऱ्याचा स्टो उतरवतील, चुलीला वारा लागू नये म्हणून दगड लावतील, निघताना माणसं मोजतील आणि "चलो, चलो" करून आत भरतील. मास्तर खूष. "हवालदार, तुम्ही नसता तर माझं कसं झालं असतं!" म्हणाले. हळदीवाल्या वहिनी म्हणाल्या, "तुमचे मालक लय गुणी हैत बाई. आमच्याकडं तांब्या जाग्यावरनं हलत न्हाई."

मी हसले, पण आतून माझा जळफळाट चालला होता. सगळ्या गाडीला माणूस मिळाला, मीच तेवढी राहिले. दिवसभरात हे माझ्याशी एकदाच बोलले. मी झाडाखाली बसले होते तिथं येऊन म्हणाले, "पानी पायजे का?" घरी स्वतःसाठी विचारायचे, इथं माझ्यासाठी विचारलं, एवढीच काय ती प्रगती. रात्री कऱ्हाडला एका शाळेत मुक्काम होता. बायका एका वर्गात, पुरुष दुसऱ्या. फळ्यावर कुणीतरी पाढे लिहिलेले होते ते वाचत मी पडले आणि स्वतःलाच म्हटलं, काशी काय वाईट होती? निदान गंगेचं पाणी तरी मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी संगमावर नेलं. नद्या एकमेकींना मिळतात त्या बहुतेक शेजारून, तिरक्या येऊन मिळतात. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना मात्र समोरासमोर येतात आणि मग दोघी मिळून वळतात. मास्तर म्हणाले, "असं फार ठिकाणी बघायला मिळत नाही, मंडळी." पाणी संथ होतं, ऊन कोवळं होतं, पलीकडं म्हशी डुंबत होत्या. मला ती जागा फार आवडली. मी वळून बघितलं तर हे पाण्याकडं पाठ करून आचाऱ्याची चरवी घासत होते.

दुपारी आगाशिव. कऱ्हाडजवळच्या त्या डोंगरात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, आणि ती एका जागी नाहीत. डोंगराच्या अंगावर इकडं चार, तिकडं दहा, वळसा घालून आणखी. गाडी आणि आचारी खाली जखिणवाडीपाशी थांबले आणि आम्ही वाट चढून वर आलो. वरून खालचं सगळं खोरं दिसायचं. उसाचे हिरवे पट्टे, मध्येच नांगरून टाकलेली काळी रानं, कौलांवर धूर. ह्यात कुठंतरी आपल्या गावाकडं जाणारी वाट आहे, असं मला वाटून गेलं आणि मी पहिल्यांदा त्या सहलीत मनापासून सुखावले.

लेण्यांत मूर्ती फारशा नाहीत. एका मोठ्या लेण्यात दगडाचा गोल स्तूप, बाकीच्यांत भिंतीत खोदलेल्या लहान खोल्या आणि खोलीत दगडाचाच ओटा. मास्तर म्हणाले, "हे भिक्खूंचे पलंग. पावसाळ्यात ते इथं मुक्कामाला असायचे. घर नाही, दार नाही, सामान नाही. एक भिक्षापात्र, अंगावरचं वस्त्र आणि हा दगड." हळदीवाल्या वहिनींच्या मालकांनी आदरानं मान डोलावली. माझ्या मनात आलं, आमच्या घरचे भिक्खू बरे की मग, त्यांच्याकडं निदान ट्रंक तरी आहे. हे कुठं आहेत म्हणून बघितलं तर सगळ्यांच्या मागं उभे राहून त्या ओट्यावर हात फिरवून बघत होते. मग मास्तरांनी सगळ्यांना मोकळं सोडलं. शिट्टी वाजली की इथंच जमायचं म्हणाले.

उन्हं कलली तशी शिट्टी झाली. सगळे जमले. मोजायला कुणी पुढं होईना, कारण मोजणारा माणूसच जाग्यावर नव्हता. मास्तरांनी मोजलं. एक कमी.

"येतील," मास्तर म्हणाले. पुन्हा शिट्टी वाजवली. मग पुरुषमाणसं दोन्ही बाजूंना थोडी थोडी जाऊन "हवालदार! ओ हवालदार!" करून ओरडली. काही नाही. हळदीवाले शेट सारखे सूर्याकडं बघत होते. सूर्य डोंगराच्या धारेला टेकायला आलेला. खाली उतरून पंगत बसायची म्हणजे वेळच नव्हता. आमच्यापायी त्या दोघांना रात्र उपाशी काढावी लागणार ह्याची मला लाज वाटायला लागली.

मी पदर खोचला, कड्याच्या तोंडाशी गेले आणि घरी हाक मारते तशी मारली, "आवं!"

मागून चार पुरुष एकदम म्हणाले, "काय?"

बायका फिसकन हसल्या. पुन्हा मारली, "आवं, कुटं हाईसा?" आता ते चौघं नुसतेच कानकोंडे होऊन उभे. मास्तर जवळ आले. "वहिनी, त्यांचं नाव काय? नावानं हाक मारून बघू. मी सगळीकडं हवालदारच म्हणत आलो."

आता काय सांगू? आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. घेतलंच तर लग्नाकार्यात, चारचौघी अडवून धरतात तेव्हा, उखाण्यात गुंफून. वहिनी मदतीला आल्या, म्हणाल्या, "उखाण्यात घ्या की, मास्तर त्यातनं वळकतील." मी आठवायला लागले. एरवी मला पन्नास उखाणे पाठ. त्या वेळी एकही आठवेना. चांदीच्या ताटापासून सुरू करायचे आणि पुढं सगळं कोरं.

आणि मग मला भीती वाटली. आधी साधी भीती, पाय घसरला असेल, सापानं दंश केला असेल. पण तिच्या मागून दुसरी आली ती खरी. मला वाटलं, हे गेले. पाहुणे जातात तसे गेले. घर नाही, दार नाही, सामान नाही, हे मास्तरांचं बोलणं ऐकून ह्यांना ते पटलं आणि हे डोंगराच्या पलीकडच्या अंगानं उतरून चालते झाले. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. एवढी वर्षं ज्यांची वाट बघण्यात गेली ते घरी येऊन वर्षही झालं नव्हतं.

मी छातीत होता तेवढा दम भरून घेतला आणि नाव घेऊन ओरडले. नुसतं नाव. पुढं राव नाही, मागं उखाणा नाही. गुरं चारणारं पोर दुसऱ्या पोराला मारतं तशी हाक. ते नाव मी इथं लिहिणार नाही, एकदा ओरडले तेवढं पुरे झालं. लेण्यालेण्यांतून ते फिरून परत आलं. एवढ्या वर्षांत माझ्या आवाजात ते मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या मागं बायकांचं हसणं बंद झालं. मी पुन्हा ओरडले.

वरच्या अंगाला, आम्ही ज्याच्यासमोरून दोनदा गेलो होतो त्या एका खोलीतून आवाज आला, "आलू गं आये!"

पोराचा आवाज होता तो. म्हणजे घसा ह्यांचाच, पण बोलणं दहा वर्षांच्या पोराचं. आणि पाठोपाठ हे बाहेर आले. टोपी नाही, केसांत धूळ, एका गालावर दगडाचे वळ. त्या भिक्खूच्या ओट्यावर हे झोपून गेले होते, शिट्टी ऐकू येणार नाही इतके गाढ. सगळ्यांकडं बघितलं, काय झालं ते ध्यानात आलं आणि ताठ उभे राहायला गेले, पण डोळ्यांत अजून झोप होती.

लोक खदाखदा हसले. हसण्यासारखंच होतं ते, त्यांना मी दोष देत नाही. सरहद्दीवर पहारा केलेला हवालदार बायकोच्या हाकेला आई म्हणून ओ देतो, हे गावात झालं असतं तर जन्मभर पुरलं असतं. वहिनींचे शेटसुद्धा सूर्याला विसरून हसले. मला मात्र हसू आलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा हे सरहद्दीवर होते. तार पोचली, सुट्टी मिळाली, गाड्या बदलत बदलत हे घरी आले तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता. हे आले, आईच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, अंगणात जाऊन तोंड धुतलं आणि सुट्टी संपल्यावर परत गेले. त्यावर एक अक्षर कधी बोलले नव्हते.

धावतपळत खाली उतरलो. आचाऱ्यानं पानं मांडूनच ठेवली होती. शेट आणि वहिनींनी सूर्य बुडायच्या आत दोन घास कसेबसे पोटात ढकलले आणि एकदाचा माझा जीव भांड्यात पडला. मी हात जोडायला गेले तर वहिनी म्हणाल्या, "आवो, असू द्या. अशी करमणूक रोज थोडीच हुती?"

रात्रीच्या मुक्कामाला साताऱ्याकडं निघताना हे सवयीनं मागच्या बाकाकडं चालले. वहिनी माझ्या शेजारून उठल्या, त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हवालदार, तुमी हितं बसा. परत हरवलासा तर आमी उपाशी मरू." सगळी गाडी पुन्हा हसली. हुकूम मोडायची ह्यांना सवय नव्हती. हे माझ्या शेजारी बसले, खिडकीकडं नाही, अलीकडं, दोन्ही हात गुडघ्यांवर.

गाडी हमरस्त्याला लागली. बाहेर दिवस बुडाला होता, तरी आभाळात उजेड होता. मी गप्प बसले होते. मी गप्प बसले म्हणजे काय, हे माझ्या माणसांनाच कळेल. बऱ्याच वेळानं हे समोर बघतच म्हणाले, "कुनी हाक मारली?"

"मी."

"मला वाटलं..."

"मला ठावं हाय काय वाटलं त्ये."

मग हे बोलायला लागले. आधी तुटक, मग सलग. पलटणीत आडनाव आणि नंबर. गावात हवालदार. भावकीत, थोरल्या भावासकट, दादा. पोरांचे आबा. मी म्हणायची ते 'आवं'. डोंगरावर मी घेतलं ते नाव म्हणे एकट्या आईच्याच तोंडात होतं. ओढ्यात पोहत असताना ती काठावर उभी राहून अशीच ओरडायची, असाच शेवट लांबवून. सुट्टीवर आलं की वेशीपासून हाक ऐकू यायची. आणि तार आली तेव्हा ह्यांना पहिल्यांदा सुचलं ते रडणं नव्हतं. हे म्हणाले, "मनात आलं, आता आपल्याला नावानं हाक मारनारं कोन न्हाई." मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं ह्या माणसाकडून त्या एका रस्त्यात ऐकलं. आईच्या हातच्या कण्या, तिचा मार, तिनं भरतीच्या दिवशी खिशात घातलेला गुळाचा खडा. मधूनच मी काही विचारायची, हे सांगायचे. एकदा तर हे हसले आणि मला दिसलं की ह्यांचा एक दात किडला आहे. बायकोला हे माहीत नसावं, काय म्हणायचं!

गाडीत बरेचजण पेंगायला लागले होते. समोरच्या बाकावर मास्तर चष्मा हातात धरून घोरत होते. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "आनी एकदा मार की."

"आं?"

"हाक."

डोंगरावर ओरडणं वेगळं, तिथं जीव टांगणीला लागला होता. इथं माणूस शेजारी बसलेलं, खांद्याला खांदा लागलेला. मी मागं बघितलं, पुढं बघितलं. वहिनी मागच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या होत्या की नाही देव जाणे. मी पदर तोंडावर घेतला, ह्यांच्या कानाशी झाले आणि हळूच हाक मारली.

"ओ," हे म्हणाले.